निकाल येईपर्यंत

तुमच्या घरात यंदा कुणी ए-लेव्हलला बसलं होतं का? किंवा जीसीएसईला? मग ऑगस्टमधले ते दोन गुरुवार मी तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. पहिल्या गुरुवारी ए-लेव्हलचा निकाल, त्याच्या पुढच्या गुरुवारी जीसीएसईचा. पेपर संपतात जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. म्हणजे मधे सात-आठ आठवडे जातात. निकाल लागला की आपण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पाडतो, गणपतीच्या कार्यक्रमात मुलांना स्टेजवर बोलावून फुलं देतो. त्या सात-आठ आठवड्यांविषयी मात्र आपण कधी बोलत नाही. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचं आहे.

हे मी जरा हक्काने बोलते, कारण २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या रेडिंगच्या घरात दोन माणसं निकालाची वाट बघत होती. एक आमचा धाकटा, वय वर्षं अठरा. ए-लेव्हलला गणित, फिजिक्स आणि डिझाइन टेक्नॉलॉजी. आणि दुसरी मी, वय वर्षं सेहेचाळीस.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. मी कोल्हापूरची, २००० सालची बी.फार्म. लग्न होऊन २००३ मध्ये इथे आले. भारतातल्या पदवीवर इथे फार्मासिस्ट होता येत नाही. आधी परदेशी फार्मासिस्टांसाठीचा वर्षभराचा कोर्स, मग ५२ आठवडे दुकानात किंवा हॉस्पिटलात प्रशिक्षण, आणि त्यानंतर नोंदणीची परीक्षा. दोन मुलं, घरभाडं, मग घराचे हप्ते, या सगळ्यात ते राहून गेलं. मी केमिस्टच्या काउंटरवर लागले, पुढे डिस्पेन्सर झाले, म्हाताऱ्या माणसांचे आठवड्याच्या गोळ्यांचे डबे भरत राहिले. थोरली कॉलेजला गेल्यावर, २०२१ मध्ये, मी तो कोर्स धरला.

ही नोंदणीची परीक्षा दोन भागांची असते. पहिल्या पेपरात ४० गणितं: डोस, पातळ द्रावणं, सलाइनचा वेग. दुसऱ्यात १२० प्रश्न. दोन्ही पेपर एकाच खेपेला सुटावे लागतात, आणि खेपा मिळतात फक्त तीन. नोव्हेंबर २०२३ मध्ये माझा गणितांचा पेपर थोडक्यात राहिला. जून २०२४ ला दुसरी खेप. तीही गेली असती तर हाताशी एकच उरणार होती. वीस वर्षं मनात बाळगलेली गोष्ट आणि उरलेली एक संधी, एवढं घेऊन मी त्या जुलैमध्ये रोज सकाळी नऊ वाजता काउंटरमागे उभी राहत होते. आणि वरच्या मजल्यावर माझा मुलगा पहाटे तीनपर्यंत जागा असायचा.

आपल्याकडे निकालासाठी सगळं ठरलेलं आहे. पास झालं की पेढे, देवापुढे साखर, मोठ्यांच्या पाया पडणं. नापास झालं तर पाठीवर हात, फेरपरीक्षेचा फॉर्म, ओळखीच्या मास्तरांची शिकवणी. पण वाट बघणाऱ्याचं काय करायचं याची रीत कुणी घालून दिलेली नाही. आपण त्याला म्हणतो, "टेन्शन घेऊ नकोस. काही होत नाही." हे वाक्य त्या सात आठवड्यांत मला किमान शंभर वेळा ऐकायला मिळालं, आणि दर वेळी मनात एकच यायचं: तुम्हाला कसं ठाऊक?

टेन्शन घेऊ नकोस म्हटल्याने ते जात का नाही, याचा थोडा उलगडा मला लंडनच्याच एका प्रयोगात सापडला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, आणि साप निघाला तर हाताला विजेचा बारीकसा पण दुखणारा झटका. लोकांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका बसणारच हे ठाऊक असताना नव्हे, तर बसण्याची आणि न बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. नक्की येणाऱ्या दुखण्यापेक्षा न कळणारं दुखणं शरीराला जड जातं. म्हणजे निकालाआधी पोटात गोळा येणाऱ्या मुलाचं काही बिघडलेलं नसतं. "अभ्यास केलाय ना, मग घाबरतोस कशाला?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतं, कारण भीती अभ्यासाची नसून दगडाखाली काय आहे ते न दिसण्याची असते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, कॅलिफोर्नियातला. तिथे वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागायला तब्बल चार महिने लागायचे. केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २३० जणांना त्या चार महिन्यांत पुनःपुन्हा प्रश्न विचारले. कुणी मन दुसरीकडे वळवत होतं, कुणी चांगलंच होईल असं घोकत होतं, कुणी वाईटाची तयारी करत होतं. बहुतेकांच्या या उपायांनी काळजी फारशी कमी झाली नाही. पण पुढे एक गंमत निघाली. ज्यांनी त्या काळात काळजी केली, वाईटाचा विचारही केला, त्यांनी वाईट निकाल आल्यावर स्वतःला जास्त चांगलं सावरलं. आणि चांगला आला तेव्हा त्यांना आनंदही जास्त झाला. जे निवांत होते त्यांचा वाईट निकालाने पार चुराडा केला.

हे वाचून मला फार हलकं वाटलं. काळजी घालवायची ही जबाबदारीच डोक्यावरून उतरली. काळजी येणार, तिला बसायला पाट द्यायचा, फक्त अख्खं घर तिच्या ताब्यात द्यायचं नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही जे काही केलं ते एवढ्याच धोरणाने.

पहिली गोष्ट, पेपरचं पुढे काय होतं ते मुलाने आणि मी नीट समजून घेतलं. आपल्या डोळ्यांसमोर अजून एक गंभीर चेहऱ्याचे परीक्षक असतात, गठ्ठा पुढ्यात घेऊन लाल पेनाने तपासणारे. इथे तसं फारसं राहिलेलं नाही. उत्तरपत्रिका स्कॅन होतात. बऱ्याच विषयांत एकाच मुलाचे वेगवेगळे प्रश्न वेगवेगळ्या परीक्षकांच्या पडद्यावर जातात. परीक्षक नीट तपासतोय ना हे पाहायला, आधीच गुण ठरवून ठेवलेली उत्तरं मधे मधे पेरलेली असतात. आणि किती गुणांना कोणती ग्रेड हे तपासणी झाल्यावर ठरतं, आकडे निकालाच्या सकाळी जाहीर होतात. जुलैमध्ये मुलं ऑनलाइन एकत्र बसून सगळी उत्तरं जुळवतात, स्वतःचे गुण काढतात आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून स्वतःलाच ग्रेड देतात. त्या गणिताला पायाच नसतो. धाकट्याला हे पटायला आठवडा लागला. त्यानंतर तो त्या चर्चांतून स्वतःहून बाहेर पडला. मी माझ्या चाळीस गणितांची उजळणी मनातल्या मनात करत होते, ती थांबवायला मला जरा जास्त दिवस लागले.

आमची थोरली २०२० च्या बॅचची. कोविडमुळे त्या वर्षी परीक्षाच झाल्या नाहीत. १३ ऑगस्टच्या गुरुवारी एका संगणकी सूत्राने काढलेल्या ग्रेड हातात आल्या. इंग्लंडमध्ये जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली उतरल्या होत्या, तिच्याही दोन उतरल्या. चार दिवसांनी, सोमवारी, ते सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या ग्रेड मान्य झाल्या. ती भावाला म्हणाली, "गुरुवारी मला वाटलं सगळं संपलं. सोमवारी कळलं, संपलेलं नव्हतं. एवढंच लक्षात ठेव." आईबापांनी दिलेल्या दहा व्याख्यानांपेक्षा बहिणीची तीन वाक्यं त्याला पुरली.

दुसरी गोष्ट, कागदावर लिहून काढलं. इथली पद्धत तुम्हाला माहीत आहेच: पहिल्या पसंतीची युनिव्हर्सिटी ती फर्म, ग्रेड थोड्या कमी आल्या तर दुसरी, ती इन्शुरन्स. दोन्ही हुकल्या तर क्लिअरिंग, म्हणजे उरलेल्या जागांचा बाजार, जो जुलैच्या सुरुवातीपासूनच उघडलेला असतो. आम्ही एका रविवारी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. फर्म मिळाली तर काय, इन्शुरन्स मिळाली तर काय, काहीच नाही मिळालं तर कुठल्या चार ठिकाणी फोन करायचे, फोन कोण करणार. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. क्लिअरिंगचा फोन मुलानेच करायचा असतो. युनिव्हर्सिटीला आईशी किंवा बाबांशी बोलायचं नसतं, त्यांना मुलाच्या तोंडून ऐकायचं असतं. माझ्या नवऱ्याला हे ऐकून धक्का बसला. पण खरं सांगते, तिथून पुढे धाकट्याच्या खांद्यांची ठेवणच बदलली. निकाल त्याचा होता, आणि आता त्यातलं कामही त्याचं होतं. जुलैत तो एकटा ट्रेनने जाऊन इन्शुरन्सच्या गावात फिरून आला, तिथलं वर्कशॉप बघून आला. आल्यावर म्हणाला, "लेथ मशिनं चांगली आहेत." फर्मवर जीव होताच, पण मनात दुसऱ्या जागेलाही आता एक चेहरा आला होता.

माझ्या कागदावर तीनच ओळी होत्या. पास झाले तर नोंदणीचा अर्ज. नापास झाले तर नोव्हेंबरचा फॉर्म आणि गणितांसाठी एक शिकवणी. तेही गेलं तर डिस्पेन्सर म्हणून आहे तीच नोकरी, आणि ती नोकरी मला आवडते. तिसरी ओळ लिहिताना हात थरथरला. लिहून झाल्यावर रात्री झोप लागली.

तिसरी गोष्ट हातांची. माझ्या वडिलांच्या वेळी मॅट्रिकच्या निकालात पास झालेल्यांचे नंबर वर्तमानपत्रात छापून यायचे. आमच्या गावी पेपरचा गठ्ठा एसटीने यायचा. परीक्षा मार्चमध्ये आणि निकाल जूनमध्ये. "मग एप्रिल-मे काय केलंत?" असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "विहिरीतला गाळ काढला." उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा. खाली उतरून पाट्या भरायच्या, वर ओढायच्या. संध्याकाळी अंग इतकं दुखायचं की निकाल आठवायचा नाही. आमच्या मुलांच्या नशिबी विहीर नाही. त्यांच्या हातात फोन आहे, आणि फोन ही अशी विहीर आहे की तिचा गाळ काढावा तितका वाढतो.

धाकट्याने जुन्या बाजारातून एक मोडकी सायकल वीस पौंडांना आणली आणि शेडमध्ये तिचा एकेक स्क्रू सुटा केला. मी माझ्या अ‍ॅलॉटमेंटवर जास्त वेळ काढू लागले. इथल्या उन्हाळ्यात मेथी छान येते, घेवडाही येतो. तण उपटताना आणि जुड्या बांधताना दीड तास कुठे जायचा कळायचं नाही. स्वीनी बाईंच्या पुढच्या अभ्यासांतही हेच निघालं: ज्या कामात आपण बुडून जातो, जे जरा अवघड असतं पण जमतं, त्या कामात वाट बघण्याचा काळ सुसह्य होतो. टीव्ही बघण्याने तसं होत नाही, कारण टीव्ही बघताना मन मोकळं राहतं आणि मोकळं मन कुठे जातं ते आपल्याला ठाऊक आहे. तुमच्या मुलाला सायकलीत रस नसेल. मग त्याला तबला असेल, केक असेल, कोडिंग असेल, शेजारच्या आजोबांचं कुंपण रंगवायचं असेल. हात गुंतले पाहिजेत आणि काम संपल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे.

चौथी गोष्ट फोनची. आमच्या घरी कोल्हापूरहून, पुण्याहून, न्यू जर्सीहून फोन येतात, आणि प्रत्येकाला निकालाची तारीख हवी असते. हे सगळे प्रेमाने विचारतात, याबद्दल मला शंका नाही. पण वाट बघणाऱ्याला प्रत्येक प्रश्नानिशी तोच दगड पुन्हा उचलून बघावा लागतो. आम्ही नवऱ्याला घराचा प्रवक्ता नेमला. त्याने सगळ्यांना एकच मेसेज केला: तारखा या, निकाल लागला की आम्हीच कळवू, तोपर्यंत पोराशी क्रिकेटवर बोला. जूनच्या शेवटी भारताने टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप जिंकला होता, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. घरात मात्र चहाच्या वेळी अर्धा तास मोकळा ठेवला होता. त्या अर्ध्या तासात ज्याला जे भय वाटतं ते बोलायचं, दुसऱ्याने समजूत काढायची नाही. एकदा धाकटा म्हणाला, "मला वाटतं फिजिक्सचा दुसरा पेपर गेला." मी म्हटलं, "मला वाटतं माझं सलाइनचं गणित चुकलं." दोघं गप्प बसलो, बिस्किटं खाल्ली. आई-मुलात त्याहून बरा संवाद वर्षभरात झाला नव्हता.

माझा निकाल जुलै संपता संपता लागला. ईमेल आला तेव्हा मी दुकानात एका आजींना इन्हेलर कसा ओढायचा ते दाखवत होते. आजी गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन उघडला. पास. दोन्ही पेपर. मी खुर्चीवर बसले आणि रडले, मग तोंड धुऊन काउंटरवर आले, कारण रांग लागली होती. घरी धाकट्याने मला मिठी मारली. त्याच्या मिठीत थोडी घाईही होती, मला कळली. आता घरात एकटाच उरला होता तो.

दोनच दिवसांनी, १ ऑगस्टला, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. सुरुवातीला तो मागे होता. गुडघ्यावर, मग पालथा, मग उभा, असा एकेक टप्पा करत वर आला. आम्ही दोघं सोफ्याच्या टोकावर बसून बघत होतो. दोन शॉट्सच्या मधे तो रायफल खाली घ्यायचा, श्वास सोडायचा, पुन्हा उचलायचा. धाकटा म्हणाला, "आई, गेलेल्या शॉटचं तो काहीच करत नाही." त्या दिवशी कोल्हापूरच्या ग्रुपवर कुणीही ए-लेव्हलची चौकशी केली नाही, तेवढाही आम्हाला मोठा आधार झाला.

निकाल होता १५ ऑगस्टला. धाकट्याने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "मी माझ्या खोलीत बघीन. मी खाली येईपर्यंत कुणी वर यायचं नाही." सकाळी सव्वाआठच्या सुमारास युकासचं पान बदलतं. त्यावर ग्रेड नसतात, फक्त जागा मिळाली की नाही आणि कुठे, एवढंच. ग्रेड शाळेकडून कळतात. खाली स्वयंपाकघरात आम्ही तिघं. मी कणीक मळली, पोळ्या लाटायला घेतल्या. सकाळी सव्वाआठला पोळ्या कोण खाणार होतं देव जाणे. नवरा पायऱ्यांच्या खाली दोनदा जाऊन परत आला. थोरलीने त्याला हाताला धरून बसवलं.

बावीस मिनिटांनी तो खाली आला. "फर्म गेली. इन्शुरन्स मिळाली. फिजिक्सला बी." कुणी काही बोललं नाही. त्याने माझ्या हातातली पोळी घेतली, नुसतीच खाल्ली, आणि शेडमध्ये गेला. तासाभराने ब्रेकची तार बदलून, हात काळे करून आला आणि म्हणाला, "लेथ मशिनं चांगली आहेत तिथे." मला तेव्हा कॅलिफोर्नियातले ते काळजी करणारे लोक आठवले. सात आठवडे त्याने या उत्तराला मनात ये-जा करू दिली होती. आलं तेव्हा ते अनोळखी नव्हतं. दुःख झालंच. त्या रात्री तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवला.

दुपारी त्याने स्वतःच कोल्हापूरला आत्याला फोन लावला. तिथे झेंडावंदनाची सुट्टी, सगळे घरात. त्याने इंग्रजी-मराठीत फर्म, इन्शुरन्स, ए, बी असं सगळं सविस्तर सांगितलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पास झालास न्हवं?" तो म्हणाला, "हो आत्या." "मग झालं की! पेढं वाटते." तो हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

आता थोडं केमिस्ट म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या काउंटरवर आईबाप येतात आणि हळू आवाजात मुलासाठी झोपेची गोळी मागतात. विनाप्रिस्क्रिप्शन मिळणाऱ्या त्या गोळ्या सोळा वर्षांखालच्यांसाठी नसतात, आणि मोठ्यांसाठीही फक्त थोड्या रात्रींपुरत्या असतात. त्याने झोप येते, काळजी जागीच राहते. मी आधी विचारते, किती दिवसांपासून झोप नाही? जेवतो का? मित्रांना भेटतो का? दोन-चार रात्री जागून काढणं हे वाट बघण्यातच जमा आहे. पण आठवडे उलटले, खाणं सुटलं, खोलीबाहेर येणं थांबलं, छातीत धडधडून श्वास कोंडू लागला, तर जीपीकडे जा. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काहीही कानावर आलं, गमतीत आलं तरी, ते गमतीत घेऊ नका. त्याच दिवशी बोला, एकटं सोडू नका. एनएचएसचा १११ नंबर आहे, त्यावर मानसिक त्रासासाठी वेगळा पर्याय निवडता येतो. समॅरिटन्सचा ११६ १२३ चोवीस तास चालू असतो. मुलांसाठी चाइल्डलाइन, ०८०० ११११. जिवाला लगेच धोका वाटला तर ९९९. हे नंबर फ्रिजवर लावून ठेवायला लाजू नका. आपण फ्रिजवर कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक लावतोच ना?

इथे वाढलेल्या माझ्या वाचकांनो, हा लेख तुम्हाला कदाचित आई वाचून दाखवत असेल. तुम्ही एकाच वेळी दोन निकालांची वाट बघत असता, एक तुमचा आणि एक आईबाबांनी या देशात येऊन काढलेल्या वर्षांचा. दुसरा निकाल तुमच्या पेपरात नव्हता. त्याचा अभ्यासक्रम तुम्हाला कुणी दिलाच नव्हता, तेव्हा त्याचे गुण स्वतःच्या नावावर मांडू नका. आणि आईबाबांना काय सांगायचं ते सुचत नसेल तर धाकट्याने मला सांगितलेलं एक वाक्य देते, मराठीतच: "आत्ता मला त्यावर बोलायचं नाही, पण तू इथेच बस." आईला एवढं पुरतं. आणि आयांनो, तुम्हाला काही विचारल्यावाचून राहवत नसेल, तर "जेवायला काय करू?" असं विचारा. आपल्याकडे सगळी माया त्या एका प्रश्नात मावते.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा ऑगस्ट मागे पडलेला असेल. पण वाट बघणं काही संपत नाही. इलेव्हन प्लसचे निकाल आले असतील आणि शाळा कुठली मिळते त्यासाठी १ मार्चकडे डोळे लागले असतील. कुणाचा युकासचा फॉर्म गेला असेल आणि डिसेंबरच्या इंटरव्ह्यूचं पत्र येतं का याची रोज इनबॉक्समध्ये तपासणी चालली असेल. माझ्यासारखी कुणी नोव्हेंबरच्या परीक्षेला बसत असेल. कुणी व्हिसाच्या, कुणी हॉस्पिटलच्या रिपोर्टच्या कागदाची वाट बघत असेल. ही सगळी माणसं मंडळाच्या दिवाळीला येतील, नवे कपडे घालून, हसत. फराळाच्या टेबलापाशी ती तुमच्या शेजारी उभी असतील. त्यांना निकालाचं विचारू नका. चकल्या तळायला माणसं कमी पडतात दर वर्षी, त्यांना हाताशी घ्या.